नकार लिहून द्या

लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. वर खोचलेल्या चिठ्ठीवर निळ्या स्केचपेननं लिहिलं होतं, 'फी बाकी, देऊ नये'. त्या गठ्ठ्यात माझी पदवी होती.

विद्यार्थी विभागातल्या सरांनी माझ्यादेखत सुतळी सोडली, बोट ओलं करून एकेक प्रमाणपत्र उलटलं, माझं सापडल्यावर "ही बघ, आलीय तुझी," असं अगदी आनंदानं सांगितलं आणि गठ्ठा होता तसा पुन्हा बांधून टाकला. माझा पुढे केलेला हात तसाच राहिला. "आधी अकाउंटला जाऊन ये. तिथून क्लिअर झालं की लगेच देतो. माझं काय जातंय?"

खरंच, त्यांचं काही जात नव्हतं. जात होतं ते माझं. एका सरळसेवा भरतीत निवड यादीत नाव लागलं होतं, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कागदपत्र पडताळणी होती, आणि ऑगस्ट २०२४ सुरू झाला होता.

अकाउंटची भानगड अशी. माझं इंजिनिअरिंग एका विनाअनुदानित कॉलेजात झालं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, त्यामुळे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होती. कॉलेजात तिला सगळे अजूनही 'ईबीसी'च म्हणतात. निम्मी ट्यूशन फी आपण भरायची, निम्मी सरकारकडून महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून येते, तीही हप्त्या-हप्त्यानं. शेवटच्या वर्षाचा दुसरा हप्ता, साडेबावीस हजार रुपये, आला नव्हता. पोर्टलवर अर्ज मंजूर दिसायचा, खात्यात काही दिसायचं नाही. जुलै २०२३ मध्ये निकाल लागला, मी पास होऊन घरी आले, अभ्यासाला लागले, आणि हप्ता येईल तेव्हा येईल म्हणून विसरून गेले. (आर्थिकदृष्ट्या मागास घटकांतल्या मुलींची फी पूर्ण माफ करायचा शासन निर्णय निघाला तो जुलै २०२४ मध्ये. आमच्या घराला सरकारी योजनेची बस कायम एक मिनिट आधी निघून गेलेली असते.)

पदवीच्या जोडीला आणखी एक कागद अडकला होता, बारावीचं मूळ गुणपत्रक. २०१९ मध्ये कॅप राउंडमधून प्रवेश घेताना 'प्रवेश नियामक प्राधिकरणाचं ॲप्रूव्हल झालं की परत मिळेल' म्हणून कॉलेजनं सगळ्यांची मूळ कागदपत्रं ठेवून घेतली होती. ॲप्रूव्हल त्याच वर्षी झालं असणार. परत मागायला कुणीच गेलं नाही, कारण कुणालाच गरज पडली नाही, आणि अठराव्या वर्षी मागायचं असतं हे कळतही नाही.

आमच्या तालुक्यातून कॉलेजच्या शहरात जायला एसटीनं पावणेतीन तास लागतात. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून खिशाला तेवढं कमी लागतं, पण दिवस जातो तो पूर्णच. त्या पंधरवड्यात मी तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या, साडेबावीस भरा. दुसऱ्या फेरीत म्हणाल्या, नसतील तर पुढच्या तारखेचा चेक द्या. तिसऱ्या फेरीत प्राचार्यांना भेटायचं ठरवून गेले, तर ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामात होते आणि त्यांच्या केबिनबाहेरच्या शिपायानं मला बापाच्या मायेनं सांगितलं, "ताई, भरून टाका. इथं असंच चालतं."

सल्ले तर विचारू नका. मैत्रीण म्हणाली, बारावीचं गुणपत्रक हरवलं म्हणून पोलिसांत तक्रार दे, बोर्डाच्या विभागीय मंडळातून दुय्यम प्रत मिळते. मिळते, खरं आहे. पण माझं गुणपत्रक हरवलं नव्हतं, ते कुठल्या कपाटात आहे हे मला माहीत होतं. सरकारी नोकरीत पाऊल टाकण्याआधी पोलिसांना खोटं लिहून द्यायचं माझ्या जिवावर आलं. मामा म्हणाला, आपल्या नगरसेवकाला फोन करायला लावतो. बाबा काहीच म्हणाले नाहीत. पण रात्री आईशी हळू आवाजात पतसंस्थेतून उचल घेण्याबद्दल बोलताना मी त्यांना ऐकलं. प्रामाणिकपणे सांगते, त्या रात्री मीही पैसे भरून मोकळं व्हायच्या बेतात होते.

आमच्या शेजारी एक काका राहतात. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यभर लोकांचे अर्ज घेतले, त्यामुळे अर्ज या गोष्टीवर त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुला नाही कोण म्हणालं?"

"सगळेच."

"कागदावर कोण म्हणालं?"

कागदावर कुणीच म्हणालं नव्हतं. मी तीनदा गेले, त्याचाही कुठे मागमूस नव्हता. उद्या पडताळणीच्या टेबलावर मी 'कॉलेज देत नाही' म्हटलं असतं, तर कॉलेजला 'ती आलीच नाही' म्हणणं सहज शक्य होतं. काका म्हणाले, "तोंडी नाही हे नाही नसतंच. त्यांना म्हणावं, द्यायचं नसेल तर नकार लिहून द्या, खाली नियम लिहा, त्याखाली सही करा. सही करायची वेळ आली की माणूस नियम शोधायला लागतो."

मी अर्ज लिहिला. दीड पान. त्यात आमची परिस्थिती होती, माझे मार्क होते, बाबांचं ऑपरेशन होतं, 'माझे भवितव्य आपल्या हाती आहे' असंही एक वाक्य होतं. काकांनी चष्मा लावला, पेन काढलं आणि भाजी निवडावी तसा तो अर्ज निवडून ठेवला. उरल्या आठ ओळी. नाव, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. अमुक दोन मूळ कागदपत्रं आपल्या ताब्यात आहेत. ती सात दिवसांत द्यावीत. देता येत नसल्यास कारण आणि ज्या नियमान्वये रोखली तो नियम लेखी कळवावा. शिष्यवृत्तीचा हप्ता जमा होताच ती रक्कम भरण्यास मी बांधील आहे. संपलं. "भवितव्य बिवितव्य त्यांच्या हातात देऊ नकोस," ते म्हणाले, "आधीच बरंच काही ठेवून घेतलंय त्यांनी."

शेवटची ओळ त्यांनी मुद्दाम ठेवायला लावली. फीची बाकी एक विषय, कागदपत्रं दुसरा. आपण बाकी नाकारत नाही म्हटलं की समोरच्याचं भांडणच निम्मं होतं. तरी पुढच्या तारखेचा चेक द्यायला त्यांचा साफ विरोध. हप्ता कधी येईल हे ब्रह्मदेवालाही माहीत नसताना चेकवर तारीख कुठली घालणार? आणि तो वटला नाही तर मी फिर्यादीची आरोपी व्हायची.

नियमांचा शोध मी घेतला, रात्री मोबाइलवर. पहिल्यांदा सापडली विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना, फी परतावा आणि मूळ प्रमाणपत्रं न रोखण्याबद्दलची. फी परताव्याचे टप्पे सगळ्यांना पाठ असतात. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर शंभर टक्के, मग नव्वद, ऐंशी, पन्नास असे. त्याच अधिसूचनेतला दुसरा भाग मात्र फारसं कुणी वाचत नाही. संस्थेनं प्रवेशाच्या वेळी मूळ कागदपत्रं विद्यार्थ्यासमोर तपासायची, लगेच परत द्यायची आणि स्वतःकडे स्वसाक्षांकित प्रती ठेवायच्या. कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही सबबीखाली मूळ प्रमाणपत्रं ताब्यात ठेवायला सक्त मनाई. म्हणजे माझं बारावीचं गुणपत्रक कॉलेजनं फीसाठी अडवणं चूक, इथवरच गोष्ट थांबत नव्हती. ते त्यांच्याकडे एक दिवसही असायला नको होतं, ते पाच वर्षं होतं. तांत्रिक शिक्षण परिषदही आपल्या मान्यताप्राप्त संस्थांना हेच बजावत आली आहे.

दुसरा सापडला आयोगाचा पदवी देण्याबद्दलचा २००८ चा विनियम. विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत विद्यापीठानं पदवी दिली पाहिजे. माझ्या निकालापासून मोजले तर ते १८० दिवस जानेवारी २०२४ मध्येच संपत होते.

तिसरे, विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे एप्रिल २०२३ चे विनियम. यांत मी जरा अडखळले. 'तक्रार' कशाला म्हणायचं याच्या यादीत कागदपत्रं अडवून ठेवण्याचं कलम आहे, पण नीट वाचलं तर ते सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल आहे. जो अभ्यासक्रम त्याला करायचाच नाही त्याची फी उकळण्यासाठी कागदपत्रं अडवली तर, असं. मी तर अभ्यासक्रम पूर्ण केला होता. ते वाक्य माझ्यावर तंतोतंत बसत नव्हतं. वकिली करणाऱ्या माझ्या आतेभावाला फोन केला. तो म्हणाला, एकाच कलमावर लोंबकळू नकोस, २०१८ ची अधिसूचना आणि १८० दिवस पुढे ठेव, कॉलेजची तक्रार निवारण समिती तुझं ऐकून घ्यायला बांधील आहे.

ग्राहक मंचात जायचं का, हेही मी त्याला विचारलं होतं, कारण मामाचं आता तेच पालुपद सुरू झालं होतं. तो हसला. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये बिहारच्या शालेय परीक्षा मंडळाच्या खटल्यात सांगून ठेवलंय, परीक्षा घेणारं मंडळ ग्राहक कायद्यातली 'सेवा' देत नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही. २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात पुन्हा तोच सूर. तिथं जाऊन तारखा घेत बसशील. उच्च न्यायालयात रिट करता येते, खासगी ट्रस्टचं कॉलेज असलं तरी, कारण शिक्षण देणं हे सार्वजनिक स्वरूपाचं काम आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच एका गुजराती ट्रस्टला ऐकवलंय. "पण रिट म्हणजे शेवटची पायरी," तो म्हणाला. "आणि एक लक्षात ठेव. सोनाराकडे दागिना ठेवतात तशी पदवी गहाण ठेवता येत नाही. तिला बाजारात किंमत नाही, ती विकून कुणाची फी वसूल होणार? त्यांना पैसे हवे असतील तर दावा लावावा. प्रमाणपत्र हे तारण नाही." मद्रास उच्च न्यायालयानं हेच म्हटल्याचं त्यानं मला दाखवलं. प्रमाणपत्रं ही बाजारात विकायची वस्तू नाही, करार कायद्याच्या १७१ व्या कलमाखाली त्यांच्यावर धारणाधिकार, म्हणजे येणं वसूल होईपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क, सांगता येत नाही.

१२ ऑगस्टला मी अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेले. आवक-जावकच्या खिडकीतल्या दादांनी वाचला, पुन्हा वाचला, आत जाऊन आले आणि म्हणाले, "हा इथं घेत नाही. प्राचार्यांना प्रत्यक्ष द्या." प्राचार्य नॅकमध्ये. मी म्हटलं, मग घेत नाही असं याच्यावर लिहून द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याकडे किडनी मागितली.

काकांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. मी तिथून चालत पोस्टात गेले आणि अर्ज पोचपावतीसह रजिस्टर केला. तोच अर्ज प्राचार्य, तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठाचे कुलसचिव यांना ईमेलही केला. समितीचा कॉलेजच्या वेबसाइटवरचा ईमेल पत्ता तासाभरात परत आला, खातंच बंद. यादीतले एक सदस्य दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले निघाले, त्यांनी आम्हाला मेकॅनिक्स शिकवलं होतं. तो परत आलेला ईमेलही मी छापून फाइलला लावला. तोवर माझी फाइल झाली होती. निळ्या पुठ्ठ्याची, वीस रुपयांची.

पोस्टाच्या पोचपावतीवर सही आणि शिक्का आला पाच दिवसांनी. आवक करायला तयार नसलेल्या कॉलेजचा गोल शिक्का, खाली १६ ऑगस्ट तारीख. काकांनी तो कार्डाचा तुकडा उजेडात धरून पाहिला. "चला," म्हणाले, "आता तू गेली होतीस."

विद्यापीठाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करायची कल्पनाही त्यांचीच. कॉलेज खासगी, ते उत्तर द्यायला टाळाटाळ करणार. पण विद्यापीठ सार्वजनिक प्राधिकरण, त्याला सुटका नाही. महाराष्ट्रात त्यासाठी जोडपत्र 'अ' भरायचं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मी पुन्हा गोष्ट सांगायला लागले होते, काकांनी पुन्हा पेन काढलं. माहिती अधिकारात 'का' विचारायचं नाही, कागद मागायचा. तीन प्रश्न राहिले. अमुक पीआरएनचं पदवी प्रमाणपत्र कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकानं महाविद्यालयास दिलं? ते विद्यार्थ्यास किती दिवसांत देण्याबाबत सूचना आहेत, त्यांची प्रत. फी थकबाकीच्या कारणास्तव पदवी प्रमाणपत्र रोखण्याचा अधिकार महाविद्यालयास देणारं परिपत्रक असल्यास त्याची प्रत.

सात दिवस झाले, नऊ झाले, कॉलेजकडून हूं नाही की चूं नाही. २२ ऑगस्टला मी समितीकडे रीतसर तक्रार केली, या वेळी समितीच्या अध्यक्षांच्या नावानं पोस्टानं. विनियमानुसार समितीनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पटलं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, आणि त्यांनी तीस दिवसांत निकाल द्यायचा. मी कॅलेंडरवर खुणा केल्या. मधे गणपती. सरकारी दिवसांतून गणपती वजा करून पाहा, बाकी फार थोडं उरतं.

या मधल्या काळात मी डिजिलॉकरही उघडून बसले होते. बारावीचं गुणपत्रक तिथं होतं, दोन मिनिटांत उतरवून घेतलं. डिजिलॉकरमधला कागद मूळ कागदासारखाच ग्राह्य धरायचा असा २०१६ चा नियम आहे, आणि डिजिलॉकरमधल्या पदव्या ग्राह्य धरा असं आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये संस्थांना कळवलंय. पण आमच्या वर्षाची पदवी विद्यापीठानं अजून तिथं चढवलीच नव्हती. एक दार उघडं, दुसऱ्याला कुलूप. तरी छातीवरचा दगड थोडा हलला. निदान बारावीसाठी मी कुणाच्या दारात उभी नव्हते.

विद्यापीठाचं उत्तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, गौरी जेवायला बसल्या होत्या त्या दुपारी. पोस्टमनदादांना आईनं पुरणपोळी दिली. एका पानाचं उत्तर. सदर प्रमाणपत्र दि. १२/०२/२०२४ रोजी महाविद्यालयाच्या प्रतिनिधीकडे सुपूर्द करण्यात आलेले आहे. दुसऱ्या प्रश्नाला, पदवी प्रमाणपत्रे विद्यार्थ्यांना तात्काळ वितरित करावीत अशा आशयाच्या पत्राची प्रत सोबत. आणि तिसऱ्याला, असे परिपत्रक या विभागाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.

'अभिलेखावर उपलब्ध नाही' हे सरकारी मराठीतलं सगळ्यात कोरडं वाक्य असेल. मी ते चार वेळा वाचलं, आईला वाचून दाखवलं, काकांच्या घरी नेलं. सात महिने पदवी त्या कपाटात होती आणि ती तिथं ठेवायला सांगणारा एकही कागद या विद्यापीठात नव्हता. होती ती फक्त चिठ्ठी, निळ्या स्केचपेनची.

सुनावणी गणपती उठल्यावर, १९ सप्टेंबरला झाली. समितीत पाच प्राध्यापक आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी असायला हवा, अध्यक्ष किंवा सदस्यांत निदान एक महिला हवी. त्या दिवशी पाचांतले चार हजर होते. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून आलेला दुसऱ्या वर्षाचा मुलगा माझ्याइतकाच घाबरलेला. अकाउंटच्या मॅडमही होत्या. चहा आला, मलाही दिला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मी मनात कोर्टाची खोली रंगवून गेले होते आणि समोर मारी बिस्किटं होती.

अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फी बाकी आहे हे मान्य आहे ना?"

मी म्हटलं, "शिष्यवृत्तीचा हप्ता यायचा आहे, हे मान्य आहे. माझ्या वाट्याची फी मी भरलीय, या पावत्या. हप्ता आला की तो भरीन, तसं अर्जात लिहिलंय. सर, मी फक्त एवढंच विचारतेय की पदवी कोणत्या नियमानं ठेवली."

त्यांनी अकाउंटच्या मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "ही आपली प्रॅक्टिस आहे सर, आधीपासून." समितीतल्या बाई, ज्यांनी कधी मला शिकवलं नव्हतं, त्यांनी माहिती अधिकाराचं उत्तर हातात घेतलं होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "लेखी आहे का कुठे?"

नव्हतं. मग मॅडम जे बोलल्या ते मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, सरकारकडून शिष्यवृत्त्यांचे पैसे येत नाहीत, आमचे तीन महिन्यांचे पगार झालेले नाहीत, पास झालेली मुलं परत फिरकत नाहीत, हप्ता त्यांच्या खात्यात आला तरी भरत नाहीत, आम्ही वसुली कुणाकडून करायची? आवाज चढला नव्हता त्यांचा. त्यात खोटं काहीच नव्हतं. माझ्याच वर्गातले दोघं हप्ता येऊन मोबाइल घेऊन बसलेले मला ठाऊक होते. सरकार कॉलेजला थकवतं, कॉलेज प्राध्यापकांना, आणि या साखळीत सगळ्यात शेवटी ज्याचा कागद हाताशी सापडतो त्याचा गळा धरला जातो. मला त्यांची कीव आली, रागही आला, आणि पदवी तर हवीच होती.

निर्णय त्या दिवशी सांगितला नाही. 'कळवू' म्हणाले. परतीच्या एसटीत मी लोकपालांच्या अपिलाचा मसुदा मोबाइलवर टाइप करायला घेतला.

फोन आला २३ तारखेला संध्याकाळी. लेखी निर्णय नाही, ईमेल नाही, फोन. "उद्या येऊन घेऊन जा. हमीपत्र लागेल." मी विचारलं, समितीचा अहवाल मिळेल का? "मिळेल मिळेल, तू ये तर." अहवाल मला अजून मिळालेला नाही. मागायला हवा होता, मी मागितला नाही. काकांना ते अजून खटकतं.

२४ तारखेला हमीपत्र टाइप करून तयार होतं. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाल्यापासून पंधरा दिवसांत भरीन, इथवर ठीक. त्याखाली आणखी एक ओळ होती, 'तसे न केल्यास पदवी प्रमाणपत्र महाविद्यालयास परत करीन'. मी पेन मागितलं, ती ओळ खोडली, खोडल्याच्या बाजूला सही केली. समोरच्या सरांनी पाहिलं, आत नेलं, बाहेर आणलं, काही बोलले नाहीत. (हप्ता जानेवारीत आला. तिसऱ्या दिवशी भरला. पावती दोन मिनिटांत मिळाली, ती मात्र लेखी.)

बारावीचं गुणपत्रक दुसऱ्या कपाटातून निघालं, एका कडेला वाळवी लागलेलं, नशिबानं फक्त कोऱ्या कडेला. मग तिसऱ्या कप्प्यातला तो गठ्ठा खाली आला. सुतळी सोडली, बोट ओलं केलं, एकेक उलटलं. माझं निघालं तसं त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि या वेळी सोडलं. कागद माझ्या अपेक्षेपेक्षा जाड होता. नाव, आईचं नाव, श्रेणी, सगळं बरोबर आहे का ते मी तिथंच उभी राहून वाचलं, काकांची सक्त ताकीद होती. गठ्ठ्यात अजून निदान तीसेक जणांच्या पदव्या असतील. सरांनी तो पुन्हा बांधला, चिठ्ठी वर खोचली.

"इथं सही कर."

वाटपाचं रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, पीआरएन, मिळाल्याची तारीख, सही. मी सही केली आणि तारखेच्या रकान्यात लिहायला लागले, तसे ते म्हणाले, "तारीख राहू दे गं. ती आम्ही नंतर टाकतो."

वरच्या सगळ्या ओळींत तो रकाना कोरा होता. मी माझ्या ओळीत लिहिलं, २४/०९/२०२४, आणि रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं.